विम्याच्या फोटोतली आजी

घाटकोपरला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन बाकं होती, एक रोखीवाल्यांचं आणि एक कार्डवाल्यांचं. रोखीवाल्यांना आधी आत सोडायचं असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्यावर कुणी भांडतही नसे. मी दाराजवळच्या टेबलाशी बसून केसपेपर काढायचे, कार्डावरचे नंबर वहीत उतरवायचे आणि मिक्श्चरच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायचे. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली, इंग्रजी टायपिंग येणारी, आणि आपल्याइतकी अक्कल अख्ख्या चाळीत कुणाला नाही अशा समजुतीत वावरणारी. ती समजूत पुढे उतरली. कशी उतरली तेच सांगायला बसले आहे.

कार्डवाले म्हणजे कारखान्यांतले कामगार. त्यांच्या पगारातून सरकारी विम्यासाठी काही रक्कम कापली जाई, मालक त्यात भर घाली, आणि मग कामगाराला, त्याच्या बायकोमुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना डॉक्टर, औषधं, हॉस्पिटल, सगळं फुकट. भाऊ, भावजय, बहीण, पुतण्या त्यात बसत नसत. सरकारच्या लेखी ते कुटुंब नव्हतंच. आमच्या चाळीत मात्र सगळ्यांचं कुटुंब म्हणजे तेच. त्यामुळे शेजारचा पाटावरवंटा मागून न्यावा तसं कार्ड मागून नेत आणि देणाराही एवढंच विचारी, “परत कधी आणशील?” कार्डावर नावं आणि वयं शाईने लिहिलेली असत. तोंडं कुठे होती? गावाहून आलेला मेहुणा भावोजींच्या नावाने खोकून जाई, आणि मी सगळं माहीत असून भावोजींचं नाव वहीत लिही.

डॉक्टर गुजराती होते, पन्नाशीचे, विम्याच्या पॅनेलवर पहिल्यापासून. एकदा मी त्यांना भीतभीत विचारलं होतं, की हे असं चालतं का. ते म्हणाले, “मला काय दिसते? जीभ दिसते, घसा दिसते. जिभेवर नाव लिहिलेला नसते.”

आमच्या घरातही हेच चाललं होतं. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गिरणीत होते. संप झाला, लांबला, आणि मोडला असं कुणी न म्हणताच विरून गेला. काकांना गिरणीने परत घेतलं नाही. गिरणी गेली तसं त्यांचं कार्डही गेलं. लालबागची खोली सोडून काका आणि काकी घाटकोपरला आमच्याकडे राहायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका मिळेल तिथे वॉचमनची पाळी करत आणि उरलेला वेळ गॅलरीत उभे राहून डोंगराखालचा रस्ता बघत बसत.

काकीचं काळीज अधू होतं. लहानपणी गावी तिला सांधे सुजून ताप यायचा, त्या तापाने हृदयातली एक झडप आखडली होती. आमची चाळ चढावर. पाण्याची कळशी सोडाच, ती रिकाम्या हाताने चढून आली तरी तिला मधल्या पायरीवर बसावं लागे. ओठ निळसर पडत, पाय संध्याकाळपर्यंत सुजत. पण बसली की हसायची. “इंजिनात पाणी भरतंय गो,” असं म्हणून मला पुढे पिटाळायची. मला ती फार आवडायची. माझ्या शहाणपणाची अख्ख्या घरात फक्त तीच मनमोकळी टिंगल करी.

महापालिकेच्या हॉस्पिटलात दाखवलं होतं. तिथले डॉक्टर मनापासून बघत, पण औषधं बाहेरून आणावी लागत आणि ऑपरेशनसाठी थांबलेल्यांची रांग न संपणारी. बाबा विक्रोळीला एका कारखान्यात फिटर होते आणि त्यांच्या कार्डावर त्यांची आई होती. माझी ही आजी गावी, कोकणात राहायची. धडधाकट, दोन म्हशी सांभाळणारी, बांधावरून शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडण चालवणारी. मुंबईचं औषध तिला नावानेही नको असे. तेव्हा एके सकाळी काकी कार्ड घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि मी न अडखळता आजीचं नाव वहीत लिहिलं. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि तिला विम्याच्या हॉस्पिटलात पाठवलं. कार्डावर आजीचं वय कुणीतरी अंदाजाने अठ्ठावन्न टाकलेलं. काकी पंचेचाळिशीची, पण दुखण्याने वाळलेली. गावाकडच्या बायकांची वयं कुणाला धड माहीत नसतातच, तेही पथ्यावर पडलं.

वर्षभर इंजेक्शनं आणि गोळ्या चालल्या. मग मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की झडप उघडायला हवी, नंबर लावतो, चार-सहा महिन्यांत पत्र येईल. आमच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, “ऑपरेशन झाला तर बाई जगेल. नाय झाला तर एक वर्ष, फार तर दोन.” बाबांनी हे काकांना सांगितलं, काकांनी कुणालाच नाही. पण काकीला ते कळलेलं होतं, कारण ती त्यानंतर पापड-लोणच्याच्या सगळ्या कृती माझ्या आईला नीट शिकवायला लागली.

आणि ऑपरेशनच्या पत्राच्या आधी दवाखान्यात दुसरंच पत्र आलं. विम्याच्या योजनेत सुधारणा होत होती. एकाच्या कार्डावर दुसऱ्याने औषध नेण्याला आळा घालायचा म्हणून यापुढे प्रत्येक कार्डाला कुटुंबाचा फोटो लागणार होता. कामगार, त्याची बायको, मुलं, आईवडील, सगळे एका फोटोत, पोस्टकार्डाच्या आकारात. कारखान्याच्या अधिकाऱ्याने फोटो बघून शिक्का मारायचा, अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. फोटो नाही तर हॉस्पिटलात दाखल करून घेणार नाहीत. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आता जिभेवर नाव आला.”

नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. ज्यांचे पैसे पगारातून कापले जात, त्यांच्या वाट्याचं औषध भलताच नेत होता, ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. खोटं ते खोटंच. पण नियम करणाऱ्यांना वाटलं असेल, एका फोटोचाच तर काय तो खर्च. माझा राग आहे तो या ‘एका फोटोचाच’वर.

त्या महिन्यात स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओची चांदी झाली. रविवारी दाराबाहेर नटूनथटून कुटुंबंच्या कुटुंबं उभी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एकाचे दोन मुलगे वयाने कार्डाबाहेर गेलेले. त्याने दोघांना अर्ध्या चड्ड्या घालून, मिशा काढून बसवलं. आम्ही पोट धरधरून हसलो. आमच्या घरी काय होणार आहे याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

विचार केला तोही मीच, आणि मोठ्या हुशारीने. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे बसले होते. बाबांना खोटं बोलता येत नसे. ते सारखे म्हणत होते, की साहेबांना जाऊन खरं काय ते सांगतो. काका म्हणाले, “सांग, आणि नोकरी घालवून बस माझ्यासारखा.” मग मी माझा बेत मांडला. आजीच्या जागी काकीने फोटोत बसायचं. नऊवारी लुगडं नेसायचं, केसांत पावडर घासायची, चेहरा आधीच ओढलेला आहे, म्हातारी दिसेल. आईने मान डोलावली. काकीने लगेच पाठीला पोक काढून म्हातारीची नक्कल करून दाखवली आणि हसता हसता तिला धाप लागली.

मग मी म्हणाले, “पण काकी, कुंकू काढावं लागेल.”

आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले होते. तेव्हा बाबा डोक्याचा गोटा करून कामावर गेले होते, आणि कारखान्याच्या लेबर ऑफिसरने त्यांना स्वतःच्या खोलीत बसवून चहा पाजला होता, आईची चौकशी केली होती. तोच लेबर ऑफिसर आता फोटोवर शिक्का मारणार. त्याच्यासमोर बाबांच्या आईच्या कपाळावर कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र कसं चालेल? हे मी एखादं गणित सोडवून दाखवावं तसं सगळ्यांना समजावलं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

काका उठले आणि गॅलरीत गेले. तिथून पाठमोरेच म्हणाले, “मी जितो आसंय अजून.”

काकीने त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग मला म्हणाली, “फोटोत कुकू लावूक नाय म्हणान घोव मरता काय गो? फोटो तो. बसूचा नि उठूचा.” पण हे ती मला सांगत नव्हती, त्यांना सांगत होती. काकांनी चपला घातल्या आणि ते खाली उतरून गेले. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही स्टुडिओत निघालो तेव्हाही ते असेच आधी निघून गेले.

माझं वय कार्डातून बाहेर गेलेलं, त्यामुळे मी फोटोत नव्हते. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होते. मागच्या आरशासमोर आईने काकीच्या केसांना पावडर लावली. काकीने स्वतःच ओल्या रुमालाने कपाळ पुसलं. वर्षानुवर्षं कुंकू लावून तिथली कातडी फिकट पडली होती. पुसल्यावर कपाळावर एक गोल दिसायला लागला, त्यावर मी पावडर थापली. मंगळसूत्र काढून तिने आईच्या हातात दिलं. राहिल्या हिरव्या बांगड्या. त्या निघेनात. हात सुजलेले. साबण लावला, पाणी लावलं, फोटोग्राफर दोनदा पडद्याआडून ओरडून गेला, “चला ना बाई, लाइन लागलीय बाहेर!”

मी वैतागून म्हणाले, “फोडूया ना मग. नवीन भरता येतील.”

आईने माझ्या थोबाडीत मारली. मी दवाखान्यातली पगार घेणारी बाई, परक्या माणसांसमोर, आणि आईने खाडकन वाजवली. सवाष्णीच्या बांगड्या नवरा गेल्यावरच फोडतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात नव्हतं, एवढंच. काकी मात्र पटकन हात मागे घेऊन भिंतीला टेकली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला भीती दिसली. शेवटी फोटोग्राफरच म्हणाला, “ओ मावशी, हात पदराखाली घ्या, काय दिसत नाय.” तसंच केलं. फोटोत काकी पदराआड हात घेऊन थंडी वाजल्यासारखी बसली आहे. बाबा शेजारी ताठ, माझा धाकटा भाऊ मध्ये, आणि आईचे डोळे लालभडक, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत ते समजत नाही.

‘झालं’ म्हणताच काकीने कमरेची कुंकवाची डबी काढली आणि तिथेच, आरशात न बघता, कपाळाला बोट लावलं. मी माफी मागायला गेले तर म्हणाली, “तुजी आवस मारता बरी.”

लेबर ऑफिसर फोटो बघून बाबांना एवढंच म्हणाला, की आईंची तब्येत बरीच उतरलेली दिसते. बाबांनी होय म्हटलं. शिक्का मारला गेला, बरोबर काकीच्या खांद्यावर. घरी आल्यावर बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, भल्या माणसाला फसवलं.

दोन महिन्यांनी ऑपरेशनचं पत्र आलं. काकी कपाळ पुसून, मंगळसूत्र घरी ठेवून हॉस्पिटलात दाखल झाली. बांगड्या तिथल्या नर्सने तेल चोळून एकेक करून अलगद काढल्या आणि माझ्याकडे दिल्या. हे मला त्या दिवशी का सुचलं नाही कोण जाणे. वॉर्डात सगळ्या तिला आजी म्हणायला लागल्या. तिला त्याची गंमत वाटत होती. पहिल्या दिवशी काका भेटायला आले, खाटेपासून चार हात लांब उभे राहिले आणि शेजारणीने “कोण हो हे?” विचारल्यावर काकी म्हणाली, “मोठो मुलगो.” काकांना हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना हसताना बघितलं.

ते घरी परतले तर दारात तार आलेली. इंग्रजी मलाच येत होतं, म्हणून ती माझ्या हातात दिली. आजी गेली होती. म्हशीला पाणी दाखवून आली आणि ओटीवर बसल्या बसल्या गेली, हे नंतर कळलं. तारेत दोनच शब्द होते. ते मी वाचून दाखवले आणि कागद दुमडून पुन्हा उघडला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर काही वेगळं निघेल.

तार पोहोचेपर्यंत गावी भाऊबंदांनी अग्नी दिलेला असणार, हे दोघा भावांना माहीत होतं. पुढचं सगळं मुलांनी करायचं. पण ऑपरेशन तीन दिवसांवर, आणि त्याच्या कागदावर सही हवी होती विमेदाराची, म्हणजे बाबांची. आई मेल्यावर मुलगा डोकं भादरतो, दाढी वाढवतो, रजा घेतो. बाबांनी यातलं काही एक केलं असतं तरी लेबर ऑफिसरला कळलं असतं की आई गेली, आणि मग हॉस्पिटलात आहे ती कोण? हे कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही. मीही नाही. बाबा काकांना म्हणाले, “तू जा. हडे मी सही करतंय.” बायको ऑपरेशनला निघालेली तिथे नवऱ्याने नसायचं, आणि आई गेली तिथे धाकट्या मुलाने नसायचं, असं ते ठरलं. काका पिशवी भरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गॅलरीत आरसा टांगला आणि दाढी केली. सुतकात दाढी करत नाहीत. बाबा कधी नव्हे इतकी चोपून, गाल फुगवून, दोनदा वस्तरा फिरवून दाढी करत होते, आणि येणारेजाणारे शेजारी खाली बघून जात होते. मग डबा घेतला आणि कामावर गेले. तेरा दिवस हे असंच चाललं. संध्याकाळी बायका दार लोटून आईला भेटायला यायच्या, हळू आवाजात बोलायच्या. चाळीत बाबांच्या कारखान्यातले तिघे होते. एकाच्याही तोंडून चकार शब्द बाहेर गेला नाही. त्या माणसांचं मला आजही कौतुक वाटतं.

ऑपरेशन चांगलं झालं. काकी शुद्धीवर आली आणि तिसऱ्या दिवसापासून दाराकडे बघायला लागली. काका का येत नाहीत? खरं सांगायची सोय नव्हती. डॉक्टरांनीच बजावलं होतं, की महिनाभर मनाला धक्का नको. आईने तिला सांगितलं, की ते गावी गेलेत, भाताचं काही काम निघालं. मला ते माहीत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की काकांना ताप आहे, म्हणून वॉर्डात येऊ देत नाहीत. मला वाटलं, काय चपखल कारण शोधलं. खोटं बोलायचं तर निदान मायलेकींनी आधी ठरवून घ्यायला हवं होतं. काकीने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

त्यानंतर ती जेवेना. पेज नेली तर दोन घोट घेऊन ठेवून देई. नर्स ओरडत, “आजी, जेवला नाहीत तर टाके कसे भरतील?” ती भिंतीकडे तोंड करून पडे. एकदा मी तिचे केस विंचरत होते तर तिने स्वतःच्या कपाळावर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच ठेवला, आणि मला विचारलं, “फोटो खंय आसा गो तो?” मी म्हटलं, कार्डाला लावलाय. ती म्हणाली, “फाडूक येयत?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही समजत होती, की काका गेले. नवरा जिवंत असताना आपण कपाळ पुसून बसलो आणि ते खरं झालं. मी शपथा घातल्या, काका ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. पण माझ्या शब्दावर तिने का म्हणून विश्वास ठेवावा? मी जिन्यात जाऊन रडले. इतकी लाज मला पुढे कशाचीही वाटली नाही.

तेराव्यानंतर काका परतले ते एसटी स्टँडवरून तडक हॉस्पिटलात. दुपारी चारची भेटायची वेळ. खांद्याला पिशवी, डोक्याला पांढरी टोपी. काकीने त्यांना दारात बघितलं आणि टाके न सांभाळता उठून बसली. “तुमी जिते आसास?” म्हणाली आणि त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती. मुलाला कुणी असं विचारतं का? काका गोंधळले, घाम पुसायला त्यांनी टोपी काढली, आणि तो तुळतुळीत गोटा बघून काकी हसली. खरंच हसली. मग हसता हसता थांबली.

“आये?” तिने हळूच विचारलं.

काकांनी मान हलवली.

तिला मोठ्याने रडताही येईना. त्या वॉर्डात, त्या कागदांवर, जी गेली होती ती तीच होती. तिने उशीत तोंड खुपसलं. नर्स धावत आली, तर मी सांगितलं, टाके ओढले गेले. काका गेल्यावर काकीने मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, “ह्येंका बघून माका बरा वाटला गो. आये गेली, आणि माका बरा वाटला.” मी तिला पेज भरवली. तिने ती सगळी घेतली.

चार दिवसांनी तिला घरी सोडायचं ठरलं. बाबांनी अर्धा दिवस रजा घेतली, “आईला घरी न्यायचंय” असं कारण लिहून. काकांना न्यायला आणलं नाही, त्यांचं डोकं बघून कुणी काही विचारलं असतं. खाली खिडकीपाशी एका वयस्क कारकुनाने कागद भरला आणि बाबांपुढे सरकवला. वर आजीचं पूर्ण नाव होतं, वय होतं, आणि खाली छापलेल्या ओळीत लिहिलं होतं, प्रकृती सुधारली, घरी सोडले. नातेवाइकाची सही आणि रुग्णाशी नातं, अशी जागा रिकामी होती.

बाबांनी सही केली. मग नात्याच्या जागी ‘मुलगा’ लिहायला घेतलं. ‘मु’ लिहून त्यांचा हात थांबला. मी म्हणाले, “बाबा, मी लिहू का?” त्यांनी मान हलवली आणि शब्द पुरा केला. मग पेन ठेवलं आणि खिडकीच्या कठड्यावर कपाळ टेकून ते रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे. तार आल्यापासून ते रडले नव्हते. रोज गुळगुळीत दाढी करून कामावर जात होते. मला आधी वाटलं, आता सगळं बाहेर पडणार, आणि त्याच वेळी वाटलं, पडू दे.

कारकून उठून उभा राहिला. चांगला माणूस होता. खिडकीतून हात काढून त्याने बाबांच्या खांद्यावर थोपटलं. “अहो, आता कशाला रडता? आई बरी झाली तुमची. नशीबवान आहात. घेऊन जा तिला घरी.”

बाबा आणखीच रडायला लागले. त्यांना सावरायला मी पुढे झाले, पण बाकावर बसलेली काकी उठली होती. लुगडं सावरत, पांढऱ्या कपाळाने, एकेक पाऊल टाकत ती आली. सगळं आयुष्य तिने बाबांना भावजी म्हटलं, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. तिने बाबांच्या डोक्यावर हात ठेवला, न कापलेल्या केसांत बोटं फिरवली आणि कारकुनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रडा नको रे झिला. चल, घराक जावया.”

झिला म्हणजे मुला. बाबांना त्या नावाने हाक मारणारी एकच बाई होती. बाबांनी मान वर करून काकीकडे बघितलं, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाले, “होय आये.” मग कागद घडी करून खिशात ठेवला, तिचं बोचकं उचललं आणि तिचा हात धरून फाटकाकडे चालायला लागले.